तळ्याला एक फेरी: पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?

इयत्ता: चौथी व पाचवी
विषय: परिसर अभ्यास
घटक: पाणी, जंगल आणि आपण



आजचा पाठ एका प्रश्नातून सुरू झाला. तो प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारला होता आणि त्या दिवशी मला त्याचं धड उत्तर देता आलं नव्हतं.

मी फळ्यावर व्याख्या लिहिली होती : "चारही बाजूंनी जमिनीने वेढलेल्या पाण्याच्या साठ्याला तलाव म्हणतात." मुलं वहीत उतरवून घेत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी वर्गात फारसं बोलत नाही, तो उठून म्हणाला, "बाई, चारही बाजूंनी जमीन आहे, तर मग पाणी आत शिरतं कुठून?"

मी म्हटलं, "पावसाचं पाणी येतं. बस खाली."

तो बसला. पण त्याचं समाधान झालं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. कारण भाईंदर पश्चिमेच्या मुलांनी पाहिलेला तलाव म्हणजे कठडा बांधलेला, भोवती बाकं आणि चालायला फरशी असलेला, गणपतीत विसर्जनाला गर्दी होते तो तलाव. त्याला आत यायची वाट दिसत नाही, बाहेर जायचीही दिसत नाही. तो एखाद्या मोठ्या हौदासारखाच वाटतो. मुलाने जे पाहिलं, त्यावरूनच विचारलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून ठरवलं, की हा धडा फळ्यावर शिकवायचा नाही, चालत शिकवायचा.

फेरी का मारायची?

प्रदक्षिणा आपल्याला नवीन नाही. वटपौर्णिमेला आई वडाला फेऱ्या घालते. देवळात आपण गाभाऱ्याभोवती फिरतो. त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसं ब्रह्मगिरीची फेरी करतात. त्या ब्रह्मगिरीवरच गोदावरीचा उगम आहे. म्हणजे नदी जिथून निघते, तो अख्खा डोंगर आपली माणसं पायी फिरून बघतात.

समोरून पाहिलं की वस्तूची एक बाजू दिसते. फेरी मारली की तिची पाठही दिसते. तळ्याचं तसंच आहे. एका काठावर उभं राहून फोटो काढला तर फक्त पाणी दिसतं. भोवती फिरलं तर पाणी कुठून आत येतं, कुठे अडतं, कुठून बाहेर पडतं, हा सगळा हिशोब दिसतो.

कुठे गेलो?

आपल्यापासून सगळ्यात जवळचं जंगल म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. भाईंदरहून लोकलने मीरा रोड, दहिसर आणि मग बोरिवली. तिसऱ्या स्टेशनावर उतरायचं आणि पूर्वेला थोडं चालायचं. क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या शहराला खेटून एवढं जंगल असणं ही जगातही फार कमी ठिकाणी सापडणारी गोष्ट आहे. इथे बिबट्या आहे, चितळ आहे, सांबर आहे. पूर्वी या उद्यानाला कृष्णगिरी म्हणत. कान्हेरी हे नावही त्यातूनच आलं.

या जंगलात दोन मोठे तलाव आहेत : विहार आणि तुळशी. दोन्ही माणसांनी बांधलेले. मुंबईची वस्ती वाढली, विहिरी पुरेनात, तेव्हा विहारचं काम झालं आणि १८६० मध्ये तिथलं पाणी नळाने शहरात आलं. तुळशी १८७९ चा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तुळशी सगळ्यात लहान आहे. तो काठोकाठ भरला तर त्यात ८,०४६ दशलक्ष लिटर पाणी मावतं. आकडा ऐकून मुलांनी "बापरे" केलं. मग मी सांगितलं, की मुंबईला रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. करा भागाकार. आख्खा तुळशी तलाव म्हणजे मुंबईचं दोन दिवसांचं पाणी. वर्गात एकदम शांतता झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग तुळशीलाच फेरी मारली असेल. नाही. हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत. तिथे परवानगीशिवाय कोणालाही जाता येत नाही. शिवाय पाण्यात मगरी आहेत. एक मुलगी रुसून म्हणाली, "म्हणजे खरा तलाव दाखवणारच नाही?" तिला मी जे सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचे डोंगर राखले गेले, तिथे इमारती झाल्या नाहीत, आणि पुढे तो भाग राष्ट्रीय उद्यानात आला. म्हणजे इथे जंगल उरलं त्यामागे एक मोठं कारण तलाव आहे. आणि तलावात स्वच्छ पाणी येतं त्याचं कारण जंगल आहे. दोघांनी एकमेकांना सांभाळलं.

जगातही हे घडतं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराचं बरंचसं पाणी कॅटस्किल डोंगरांतून येतं. मोठा गाळण प्रकल्प बांधण्याऐवजी त्या शहराने तिथलं जंगल आणि जमीन राखण्यावर पैसे खर्च केले.

आपली फेरी होती उद्यानातल्या लहान तळ्याला. फाटकातून आत गेलं की दहिसर नदी भेटते. तुळशीच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते. तिच्यावर बांध घालून नौकाविहारासाठी तळं केलेलं आहे. लहान मुलांच्या पायांना हे तळं अगदी बरोबर. काठाने जिथे जाता येतं तिथे काठाने, जिथे कुंपण आहे तिथे झाडीतल्या रस्त्याने वळसा घालून पुढे.

चार थांबे

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. चौदा मुलं, आम्ही दोन शिक्षिका आणि तीन पालक. (शिक्षकांसाठी : उद्यान सोमवारी बंद असतं. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र आधी घ्या. प्रत्येक थांब्यावर मुलं मोजा. मी प्रत्येक वेळी चौदा आकडा पूर्ण होईपर्यंत पाऊल पुढे टाकलं नाही.)

पहिला थांबा : पाणी आत येतं ती जागा. नदीच्या पात्रात दगडांमधून बारीक धार वाहत होती. मी विचारलं, "शेवटचा पाऊस कधी पडला?" मुलं म्हणाली, "दसऱ्याच्या आसपास." "मग हे पाणी आज कुठून आलं?" कोणालाच सांगता येईना. मी म्हटलं, उत्तर पुढच्या थांब्यावर आहे.

दुसरा थांबा : झाडीतला उतार. इथे साग आहे, बांबू आहे, काटेसावर आहे, पळस आहे. उतारावर कारवी आहे. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ मध्ये ती फुलली होती, त्यानंतर २०२४ मध्ये. मुलांना वाटेच्या कडेचा पालापाचोळा काडीने जरा बाजूला करायला सांगितला. वरची पानं कोरडी कुरकुरीत. त्याखालची मऊ, काळपट. त्याखाली माती, आणि ती हाताला गार लागली. "बाई, ओली आहे!" एक मुलगी ओरडली. दोन महिने पाऊस नाही, तरी ओल होती.

हेच पहिल्या थांब्याचं उत्तर. जंगलात पाऊस थेट जमिनीवर आदळत नाही. आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यावर, मग हळूहळू मातीत मुरतो. मुळांनी माती भुसभुशीत केलेली असते. मुरलेलं पाणी खडकांच्या भेगांतून पाझरत पाझरत महिनोन्‌महिने ओढ्यात येत राहतं. आपण ओला टॉवेल दोरीवर टाकला की तो बराच वेळ ठिबकतो ना, अगदी तसं. डांबरी रस्त्यावर पडलेलं पाणी मात्र पाच मिनिटांत गटारात जातं.

ज्या सगळ्या उतारावरचं पाणी वाहून एका तलावात किंवा नदीत येतं, त्या उताराला पाणलोट क्षेत्र म्हणतात. हा शब्द वहीत लिहा. मागच्या बाकावरच्या मुलाला मी जवळ बोलावलं आणि म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, चारही बाजूंनी जमीन आहे तर पाणी शिरतं कुठून? चारही बाजूंनी जमीन आहे म्हणूनच शिरतं. ही जमीनच त्याची वाट आहे." त्याने मातीचा बोट लावून वास घेतला. बोलला काहीच नाही.

तिसरा थांबा : बांध. इथे पाणी अडतं. अडलं की संथ होतं, आणि संथ झालं की त्यातला गाळ खाली बसतो. म्हणून उतारावरची झाडं तोडली, माती मोकळी झाली, तर ती सगळी वाहत येऊन तळ्यात बसते. तळं उथळ होतं आणि त्यात पाणी कमी मावतं. याच जंगलात कान्हेरीच्या १०९ लेण्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे भिक्षू राहत होते. त्यांनी काळ्या खडकात पन्हळी कोरून पावसाचं पाणी टाक्यांत नेलं. डोंगरावर राहायचं तर पाणी अडवलं पाहिजे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि आजही या जंगलात वारली आदिवासींचे पाडे आहेत. वाघोबाला देव मानणारी ही माणसं जंगलाच्या वाटा आणि ओढे आपल्यापेक्षा कितीतरी चांगले ओळखतात.

चौथा थांबा : पाणी बाहेर जातं ती जागा. इथे आम्ही एक खेळ केला. पुलावरून एका मुलाने वाळलेलं पान पाण्यात सोडलं. दहा मीटरवरच्या दगडाजवळ दुसऱ्या बाई उभ्या होत्या. पान दगडाशी पोचलं की त्यांनी हात वर करायचा. मोबाइलवर वेळ मोजली : ४० सेकंद. दहिसर नदीची लांबी सुमारे १२ किलोमीटर, म्हणजे १२,००० मीटर. दहा मीटरला ४० सेकंद, तर १२,००० मीटरला किती? मुलांनी तिथेच पुलावर वही मांडीवर घेऊन गणित सोडवलं : ४८,००० सेकंद. म्हणजे १३ तास २० मिनिटं. कुठे न अडकता याच वेगाने गेलं तर डोंगरातून निघालेलं पान एका दिवसाच्या आत खाडीला लागेल.

"कुठल्या खाडीला?" मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं.

"मनोरीच्या. आणि तिथून समुद्राला."

तो थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, माझी आजी उत्तनला असते. ती म्हणते, हल्ली डोलीत बोंबलांबरोबर पिशव्याच येतात." डोल म्हणजे खाडीच्या आणि समुद्राच्या ओढीत लावतात ते पिशवीसारखं मोठं जाळं. पुढे तो हळूच म्हणाला, "त्या पिशव्या इथून जातात?"

खरं उत्तर असं, की जंगलातल्या त्या धारेत आम्हाला पानं आणि काटक्या दिसल्या, तळ्याच्या काठावर वेफर्सची दोन-तीन पाकिटं दिसली. पुढे नदी शहरात शिरते आणि मग तिच्यात काय काय पडतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. मी तेवढंच सांगितलं. एका मुलाने न बोलता आपल्या हातातलं बिस्किटाचं पाकीट घडी करून खिशात टाकलं.

परतीचा प्रवास

सकाळी येताना दहिसर सोडल्यावर लोकल एका पुलावरून धडधडत गेली होती. खाली काळसर पाणी. तेव्हा एकजण म्हणाला होता, "ई, नाला!" आणि सगळ्यांनी नाक धरलं होतं.

परत येताना बोरिवली सुटल्यावर मी सगळ्यांना खिडकीपाशी उभं केलं. पूल आला. दोन-चार सेकंदांचाच असतो. कोणी नाक धरलं नाही. सकाळी "नाला" म्हणणारा मुलगाच म्हणाला, "बाई, हीच ना ती?"

हीच ती. डोंगरात पानांखालून पाझरलेली, तळ्यात थांबलेली, आणि आता आपल्या पायाखालून खाडीकडे निघालेली. मनोरीच्या खाडीच्या तोंडापासून किनाऱ्याने उत्तरेला आलं, की आधी मनोरी, मग गोराई आणि मग आपलं उत्तन. समुद्राची वाफ होते, ढग होतात, वारा त्यांना डोंगराकडे नेतो, पाऊस पुन्हा त्याच झाडांवर पडतो. आपण तळ्याभोवती जी फेरी मारली ती तासाभराची होती. पाण्याची फेरी याहून खूप मोठी आहे, आणि तिच्या वाटेवर आपलं गाव आहे.

सोमवारी तो मुलगा शाळेत लवकर आला. म्हणाला, "आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग वरच्या लोकांना सांग की आम्ही खाली आहोत."

मित्रांनो, हा निरोप मी तुमच्यापर्यंत पोचवते आहे. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. आपण भाईंदरकर उत्तनच्या आजीच्या "वर" आहोत, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी "खाली" आहोत. आपल्या नळाला येणारं पाणी उल्हास नदी आणि बारवी धरणाकडून येतं. तिथल्या उतारांवर कोणी झाडं राखली, तर आपला हंडा भरतो.

करून पाहा १ : बाटलीतलं जंगल

साहित्य : एक लिटरच्या दोन रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या, माती, वाळलेली पानं, दोन वाट्या, दोन पेले पाणी.

१. दोन्ही बाटल्या आडव्या धरून वरची बाजू मोठ्यांकडून कापून घ्या. झाकणं काढा.
२. दोन्हींत सारखी माती भरा. एका बाटलीत मातीवर पानांचा जाड थर द्या. दुसरी तशीच उघडी ठेवा.
३. दोन्ही बाटल्या तोंडाकडे जरा उतरत्या ठेवा आणि तोंडाखाली वाटी ठेवा.
४. दोन्हींवर एकेक पेला पाणी हळूहळू, सारख्या वेगाने ओता.

काय दिसतं ते लिहा. कोणत्या वाटीत पाणी आधी आलं? कोणतं गढूळ? कोणती बाटली जास्त वेळ ठिबकत राहिली?

करून पाहा २ : पावसाचं गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतं. हे सूत्र पाठच करा.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुमच्या वर्गाचं छत ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरा. त्या छतावर तेवढा पाऊस पडला तर किती लिटर पाणी होईल? (उत्तर : ४८ × ९४४ = ४५,३१२ लिटर. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर!)

आता विचार करा. एवढं पाणी जंगलावर पडलं तर काय होईल आणि सगळीकडे काँक्रीट असेल तर काय होईल? घरातल्या मोठ्यांना त्या दिवसाची आठवण विचारा आणि चार ओळी लिहा.

सांगा पाहू

१. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय?
२. पाऊस थांबल्यावरही जंगलातल्या ओढ्याला पाणी का असतं?
३. उतारावरची झाडं तोडली तर तलाव उथळ का होतो?
४. तुळशी तलावाजवळ सर्वांना का जाऊ देत नाहीत? तुम्हाला हे योग्य वाटतं का? कारण लिहा.
५. तुमच्या घराजवळच्या तलावाला एक फेरी मारा. पाणी आत येण्याची जागा सापडते का? बाहेर जाण्याची? नकाशा काढा.

शिक्षकांसाठी शेवटचं : पाचव्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ मुलं "सापडली नाही" असं आणतील. ते उत्तर चूक धरू नका. का सापडली नाही, यावरच पुढचा तास घ्या. माझ्या फळ्यावरची ती व्याख्या मी आता अशी लिहिते : "भोवतालच्या जमिनीवरून वाहत आणि पाझरत आलेलं पाणी जिथे साठतं, त्याला तलाव म्हणतात." मागच्या बाकावरून अजून तरी हरकत आलेली नाही.

तुमच्या मुलांनी काढलेले नकाशे वर्गाच्या भिंतीवर लावा. पुढच्या पाठात आपण भरती-ओहोटी आणि मिठागरं पाहणार आहोत. तोपर्यंत चालत राहा!